साइटवर माणसं अशीच लटकत काम करतात, सांगायचं कोणाला?

मुक्ता7

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि आम्ही तात्पुरते समोरच्याच गल्लीत भाड्याने राहतोय, त्यामुळे किचनच्या खिडकीतून आमच्याच बिल्डिंगचं काम दिवसभर दिसतं. वरती बाराव्या स्लॅबचं सेंट्रिंग (काँक्रिटचा साचा आणि त्याचे टेकू) चालूय आणि खाली सातव्या मजल्याला बाहेरून प्लास्टर. बांबूची परांची, त्यावर एकच फळी, फळीवर दोन गवंडी, कंबरेला पट्टा आहे पण त्याचा हूक मागे तसाच लोंबतोय. हेल्मेट एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याचं परांचीलाच टांगलेलं. आतून एक बाई घमेल्यातून माल देते ती पण अर्धी बाहेर वाकून. लिफ्टच्या खड्ड्याला नुसती एक दोरी बांधलीय आणि त्याच मजल्यावर संध्याकाळी लेबरची दोन छोटी पोरं पळताना बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

साइट इंजिनिअरला खाली जाऊन विचारलं तर तो म्हणतो मॅडम, ह्यांना किती सांगा, ऐकतच नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर दोघांनी अंगठा दिला आणि पुढचाच मेसेज की बारावा स्लॅब कधी भरतायत, भाडं संपत आलंय.

मला तीन गोष्टी हव्यात. कायद्याने ही जबाबदारी कोणाची? तक्रार नक्की कुठे करायची? आणि तक्रार केली तर त्या माणसांचंच काम जाणार नाही ना, ही मोठी भीती आहे. कोणी ह्या लाइनमधलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सह्यवेडा

आमच्याकडे पिंपळे सौदागरला पण हेच चित्र. वाचतोय.

कृष्णाकाठचा

ताई, मी छोटा ठेकेदार आहे, बंगले आणि तीन मजल्यापर्यंतची कामं घेतो सातारा-कराड भागात. आमची बाजू पण ऐका. बेल्ट आणून दिले तर माणसं म्हणतात सायेब ह्याच्यात हातच चालत न्हाई. बूट दिले तर पुढच्या आठवड्यात बूट गावाला गेलेले असतात, माणूस परत चपलेवर. उन्हाळ्यात हेल्मेट घालून बघा दुपारी दोन वाजता, डोकं शिजतं. आणि मालक कोटेशन बघतो तेव्हा सगळ्यात कमी कोणाचं एवढंच बघतो, मी सुरक्षेचे वेगळे पैसे लावले की काम शेजारच्याला गेलंच समजा. सगळा दोष ठेकेदारावर टाकणं सोपं आहे.

आरसीसीवाला

मुंबई-पुण्यातल्या साइटवर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा मोठं लिहितो.

कृष्णाकाठचा, तुमचं कोटेशनचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्यावर येतोच. पण "ऐकत नाहीत" हे मला मान्य नाही. मुक्ताताईंनी जे लिहिलंय की पट्टा कंबरेला आहे आणि हूक लोंबतोय, ते नीट बघा. त्या माणसाने ऐकलंय, पट्टा घातलाय. आता त्याला विचारा हूक अडकवू कुठे? बांबूला अडकवला तर परांची सुटली की तो परांचीबरोबरच खाली. खिडकीच्या चौकटीत काही नाही. वरून लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा उभा दोर, सोडलेली नाही. मी नव्या साइटवर गेलो की माणसांच्या अंगाकडे नंतर बघतो, आधी बघतो अँकर, म्हणजे हूक किंवा दोर अडकवायच्या पक्क्या जागा, कुठे आहेत. निम्म्या साइटवर एकही नसतो. बेल्ट वाटल्याच्या सह्या मात्र रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या असतात, फोटोसकट.

बरं पट्टा पण कुठला? नुसता कंबरेचा पट्टा पडताना माणसाला वाचवायला नाहीच. झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, नाहीतर माणूस वरून निसटतो. छाती-खांदे-मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेस लागतो, आणि मागे झटका शोषणारी दोरी. तो हजार-दीड हजारापासून मिळतो. त्यातही उंचीचा हिशोब असतो. दोरी जवळपास दोन मीटरची, झटका शोषणारा भाग फाटून आणखी लांबतो, वर माणसाची उंची, म्हणजे पायाखाली पाच-सहा मीटर मोकळे नसतील तर हार्नेस घालून पण माणूस जमिनीवरच आपटतो. पहिल्या मजल्यावर म्हणून हार्नेसच्या भरवशावर राहायचंच नाही, तिथे कठडा आणि पक्का प्लॅटफॉर्मच पाहिजे.

आणि खरं तर सगळीकडेच आधी कठडा, मग जाळी, मग हार्नेस हा क्रम आहे. कंबरेच्या वर एक आडवा पाइप, मधे एक, खाली विटेएवढी उंच पट्टी म्हणजे हत्यार किंवा तुकडा लाथेने खाली जाणार नाही. परांचीला एक फळी चालत नाही, माणूस माल घेऊन वळू शकेल एवढी रुंदी पाहिजे, फळ्या दोन्ही टोकाला बांधलेल्या पाहिजेत, आणि परांची दर थोड्या अंतरावर बिल्डिंगला बांधलेली पाहिजे. बांबूची असेल तर पावसाळ्यात काथ्या कुजतो, गाठी ढिल्या होतात, रोज सकाळी कोणीतरी हात लावून बघायला पाहिजे. परांची कशी असावी ह्याचं आयएस 3696 हे भारतीय मानक कधीपासून आहे, कोणाला नवीन शोध लावायचा नाहीये.

हेल्मेटबद्दल एवढंच की हनुवटीचा पट्टा लावला नाही तर पडताना सगळ्यात आधी हेल्मेटच सुटतं. आणि हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे, सातव्या मजल्यावरून पडणाऱ्या माणसासाठी नाही.

लिफ्टच्या खड्ड्याची दोरी आजच्या आज बदलायला लावा. माझ्या बघण्यात बाहेरच्या बाजूने पडतात त्याहून जास्त माणसं आतल्या भोकातून पडतात, डक्ट, लिफ्ट, जिन्याची मोकळी बाजू, स्लॅबमधले कटआउट. प्लायचा तुकडा नुसता वर टाकून ठेवतात ते तर त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो प्लाय उचलायला जातो, दोन्ही हातात धरून एक पाऊल पुढे टाकतो आणि सरळ खाली. झाकण खिळ्याने नाहीतर वेल्डने पक्कं करायचं आणि त्यावर रंगाने फुली मारायची.

निलंग्याचा

आरसीसीवाला भाऊ, हूकाचं बोललात ते लय बरं वाटलं वाचून.

माझे वडील गवंडी, आमच्या भागातून अर्धं गाव पुण्याला ह्याच कामावर आलेलं. मी शिकलो म्हणून आज ऑफिसात आहे. माझा धाकटा चुलता पुण्यातल्या एका साइटवर परांचीवरून पडून गेला. तेव्हा पण मुकादम हेच म्हणाला की पट्टा लावला नव्हता त्याने. पट्टा साइटच्या ऑफिसात कुलपात होता. मोठे साहेब येणार असले की काढायचे.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, प्लास्टरचा रेट फुटावर असतो. दिवसाची हजेरी नसते. जेवढे फूट मारले तेवढे पैसे, आणि त्यातून बिगाऱ्याला द्यायचे. मग परांची एकदा सोडून दुसरीकडे नीट बांधायला अर्धा दिवस गेला तर तो अर्धा दिवस गवंड्याच्या पोटातून जातो, कंपनीच्या नाही. म्हणून माणूस एका फळीवर वाकून वाकून लांबचं प्लास्टर ओढतो. त्याला जिवाची पर्वा नाही असं नसतं हो. घरी लेकरं आहेत म्हणूनच तो तिथं चढलाय. परांची बांधायचे पैसे वेगळे द्या आणि बघा कोण एका फळीवर उभं राहतं ते.

कंपनीचा मेन काँट्रॅक्टर, त्याच्याखाली सब, त्याच्याखाली लेबर काँट्रॅक्टर, त्याच्याखाली मुकादम, आणि मग माझा चुलता. पडल्यावर प्रत्येकजण म्हणतो माझा माणूस नाही. दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं ते हे की पैसे कोण भरणार. शेवटी गावाकडं येऊन एका कागदावर आजीचा अंगठा घेतला आणि थोडी रक्कम हातात देऊन गेले. तेव्हा आम्हाला काही कळत नव्हतं.

वकिलीणबाई

निलंग्याचा, फार वाईट वाटलं वाचून. तुमच्यासाठी उशीर झाला असेल पण इथे वाचणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून स्पष्ट लिहिते.

तो जो कागदावर अंगठा घेतात ना, त्याला नुकसानभरपाई म्हणून कायद्यात किंमत नाही. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (तो आता नव्या संहितेत गेलाय, ते खाली लिहिते), त्याच्या कलम 8 प्रमाणे मृत्यूच्या केसमध्ये भरपाईची रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. म्हणजे दीड-दोन लाख देऊन "आमची काही तक्रार नाही" लिहून घेतलं तरी हक्क संपत नाही. दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा.

किती मिळते ह्याचा हिशोब सांगते. महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी जास्तीत जास्त 15,000 धरायचा असं 2020 मध्ये ठरलं. तीस वर्षांच्या माणसासाठी आकडा 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. आणि गावाकडे किती दिले जातात ते तुम्हाला माहीतच आहे. उशीर केला तर वर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवलं तर निम्म्या रकमेपर्यंत दंड.

"माझा माणूस नाही" हे पण चालत नाही. त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे ज्याचं मूळ काम आहे तो, म्हणजे मुख्य मालक, भरपाईला जबाबदार, त्याने नंतर खालच्या ठेकेदाराकडून वसूल करावी.

मुक्ताताई तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामांना लागू. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, नुकसानभरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत. नावं बदलली, पण सुरक्षित जागा देणं ही मालकाची जबाबदारी हा गाभा तोच आहे. कामगाराने हेल्मेट घातलं नाही एवढ्यावरून मालक सुटत नाही, विशेषतः मृत्यू झाला असेल तर. फौजदारी बाजूला निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे आधीचं भारतीय दंड संहितेचं कलम 304अ, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत.

आणखी एक. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. 18 ते 60 वयाचा, वर्षात 90 दिवस काम केलेला कोणीही नोंदणी करू शकतो. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला 5 लाख, आणि हे वरच्या भरपाईपेक्षा वेगळे. सुरक्षा संच पण मंडळ देतं. पण 90 दिवसांचा दाखला बहुतेक वेळा ठेकेदाराकडूनच घ्यावा लागतो आणि तिथेच माणसं अडतात, कारण दाखला दिला म्हणजे हा माझा माणूस आहे हे लेखी कबूल केलं.

मुक्ता7

किती माहिती दिलीत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. निलंग्याचा दादा, तुमच्या काकांचं वाचून हात थांबला.

आज सकाळी सेक्रेटरींना भेटले. आरसीसीवाला म्हणतात तसं त्या इंजिनिअरला "हूक कुठे अडकवायचा ते दाखवा" एवढंच विचारलं, तो गप्प झाला, मग म्हणाला वरून लाइन टाकायला सांगतो. लिफ्टच्या खड्ड्याला संध्याकाळपर्यंत पाइपचा कठडा बसला. म्हणजे होत होतं की, एका दिवसात होत होतं! मग एवढे महिने का नाही केलं ह्याचा राग येतोय. लेखी काय आणि कोणाला द्यायचं ते कोणी सांगेल का?

आरसीसीवाला

ताई छान केलंत. लेखीसाठी तुमच्याकडे बाकीच्यांपेक्षा जास्त ताकद आहे कारण तुम्ही रस्त्यावरून बघणाऱ्या नाही, सोसायटीच्या सभासद आहात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रिडेव्हलपमेंटला सोसायटीने प्रकल्प सल्लागार नेमलेला असतो, त्याची फी सोसायटीच्या नावावर चाललीय. त्याला लेखी पत्र द्या, फोटो आणि तारखेसकट, की साइट बघून सुरक्षेचा अहवाल द्या. मग बिल्डर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावर ह्या लोकांची नावं सापडतात. तिथून हललं नाही तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आणि महापालिकेचा बांधकाम विभाग. समोर धोका दिसतोय आणि कोणी ऐकत नाही असं असेल तर सरळ 112.

तक्रारीत माणसांबद्दल लिहूच नका, "कामगार बेल्ट घालत नाहीत" असं लिहिलंत की दोघांना हाकलतील आणि फाइल बंद. लिहा की सातव्या मजल्याला लाइफलाइन नाही, अमुक बाजूला कठडा नाही, परांची बिल्डिंगला बांधलेली नाही. वस्तूबद्दल लिहिलं की वस्तूच आणावी लागते, माणसाला काढून भागत नाही.

आणि ते बाराव्या स्लॅबच्या घाईबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवर हे चिकटवाच. स्लॅब भरला की खालचे टेकू किती दिवस ठेवायचे हे आयएस 456 मध्ये दिलंय. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14. बीमचे सहा मीटरपर्यंत 14, त्याच्यावर 21. हे पण साध्या ओपीसी सिमेंटसाठी, आजकालच्या राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला आणखी सबुरी लागते. वरचा स्लॅब भरताना ओल्या काँक्रिटचं सगळं वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं म्हणून खालचे एक-दोन मजले पण टेकू लागतात. साच्याच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात, रोजचं भाडं चालू असतं, म्हणून लवकर काढायचा मोह होतो. टेकू विटांच्या ढिगावर उभे करणं, दोन तुकडे जोडून उंची वाढवणं, आडवे पाइप न लावणं, हे सगळं मी डोळ्याने बघितलंय. 2016 च्या जुलैमध्ये बालेवाडीला वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना पडला आणि नऊ कामगार गेले. तर भाडं संपत आलंय म्हणून स्लॅबमागे लागणाऱ्यांना हे माहीत असू द्या की आपली घाई शेवटी कोणाच्या डोक्यावर उभी असते.

मातीवाला

मी पायाच्या कामातला आहे. उंचीवरून पडणं डोळ्याला दिसतं म्हणून त्यावर बोललं जातं, खड्ड्यातलं मरण दिसत नाही.

एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वरच वजन. ड्रेनेजचा चर खणताना माणूस आत वाकलेला असतो, कड ढासळली की छातीपर्यंतच गाडला गेला तरी श्वास घेता येत नाही कारण छाती फुगायला जागाच नसते. लोक हाताने उकरून काढेपर्यंत संपलेलं असतं. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार देणं किंवा कडा उतरत्या ठेवणं हा आयएस 3764 चा नियम आहे, आणि काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब. आपल्याकडे माती बरोब्बर काठावरच टाकतात कारण परत बुजवायला सोपी, आणि जेसीबी त्याच काठावर उभा.

पावसाळ्यात तर बेसमेंटचा खड्डा आणि शेजारची कंपाऊंड वॉल ही जोडी फार वाईट. भिंतीमागची माती पाणी पिते, फुगते, भिंतीला पाणी जायला भोकं नसतात, आणि पुढचा आधार आपणच खणून काढलेला असतो. 29 जून 2019 च्या मध्यरात्री कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, 15 जण गेले, त्यात लहान मुलं पण होती. झोपेत. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावला कॉलेजची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, आणखी सहा. ही माणसं तेव्हा कामावर पण नव्हती. कोणाच्या हेल्मेट-बेल्टचा विषय काढायचा आता? खोल्या कुठे बांधायच्या हे त्यांनी ठरवलं नव्हतं. साइटवर जी जागा कामाला निरुपयोगी असते, भिंतीच्या कडेची, खोलगट, टाकीखालची, तीच लेबर कॅम्पला मिळते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भोसरीत लेबर कॅम्पची पाण्याची टाकी फुटून सकाळी आंघोळीला आलेल्या कामगारांवर पडली. पाण्याची टाकी!

कुठल्याही साइटवर मजुरांच्या खोल्या भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या काठाला दिसल्या तर जूनच्या आधी बोंब मारा, कृपया.

वायरमन_नाशिक

साइटची तात्पुरती लाइट हा एक वेगळाच धागा होईल. वायरची नागडी टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या असतात, तीच वायर पाण्यातून, सळईवरून गेलेली, आणि शेवटी व्हायब्रेटर (काँक्रिट हलवून बसवायचं मशीन) धरलेला माणूस ओल्या काँक्रिटमध्ये उभा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की बंद पडणारा स्विच, बोर्डला लावला तर गळती होताच क्षणात सप्लाय तुटतो, माणूस वाचतो. किंमत एका ब्रासच्या खडीएवढी पण नाही. लावला तरी दर पावसाला ट्रिप होतो म्हणून कोणीतरी बायपास करून टाकतं. अरे तो ट्रिप होतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय, ती वायर शोधा ना.

दुसरं म्हणजे गच्चीवर सळया हाताने उभ्या चढवताना शेजारून 11 केव्हीची, म्हणजे हाय व्होल्टेजची, उघडी लाइन गेलेली असते. बारा मीटरची सळई वळवताना टोक कुठे जातं ते खालच्याला दिसत नाही. लाइनजवळ काम असेल तर महावितरणला अर्ज करून सप्लाय बंद घ्या, नाहीतर सळया तिकडच्या बाजूने चढवूच नका.

अग्निशामक_निवृत्त

टाकीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवीन बांधलेली जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी असली तरी सुरक्षित नसते. आत सेंट्रिंगचं ओलं लाकूड महिनोन् महिने कुजत असतं, ते ऑक्सिजन खातं. वॉटरप्रूफिंगच्या रसायनांची वाफ असते. पहिला माणूस उतरतो आणि आवाज न करता खाली बसतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. 9 मार्च 2025 ला मुंबईत नागपाड्याला असेच चार कामगार टाकीत गुदमरून गेले. आमच्या नोकरीत असे कॉल आले की पहिला प्रश्न असायचा, किती जण मागून उतरले.

आधी दोन्ही झाकणं उघडून ब्लोअरने बराच वेळ हवा मारा, मीटरने ऑक्सिजन बघा, साडेएकोणीस टक्क्याच्या खाली असेल तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस आणि दोरीचं टोक वर उभ्या माणसाच्या हातात, म्हणजे आत न उतरता ओढता येतं. आणि कोणी पडला तर मागून उडी मारू नका, 101 लावा. हे सांगणं सोपं आहे, आपला भाऊ आत पडलेला असताना पाय थांबत नाहीत हे मी बघितलंय, म्हणून आधीच ठरवून ठेवायला पाहिजे की वर कोण थांबणार.

दुबईकर_मी

इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवायचा नियम आहे. इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही, कॅम्प मी बघितलेत. पण नियम पाळला की कामाला उशीर झाला असं कोणी म्हणत नाही, वेळापत्रकातच तो धरलेला असतो. आमच्या विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असतो आणि स्लॅबवर सळईला हात लागला तर भाजतो, तिथे पहाटे पाच ते अकरा आणि परत संध्याकाळी असं काम लावणं अजिबात कठीण नाही.

पाटीवाली

मी पाळणाघर चालवणाऱ्या एका संस्थेत काम करते, साइटवर जाते. मुक्ताताईंच्या त्या दोन पोरांबद्दल बोलायचंय.

आई घमेलं उचलते, पोराला कुठे ठेवणार? कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर लागतं असं होतं, म्हणून बऱ्याच साइटच्या हजेरीत बायका पन्नासच्या आतच दिसतात, नवऱ्याच्या नावावर जोडी लावलेली असते. बाई कागदावर नसतेच. तिला काही झालं तर ती तिथे कामाला होती हे सिद्ध करण्यापासून सुरुवात. मुलं मग वाळूच्या ढिगावर, पाण्याच्या हौदाजवळ, रिव्हर्स येणाऱ्या डंपरच्या मागे. एक रिकामी खोली, एक बाई पगारावर, दार बंद होईल असं, एवढ्यानेसुद्धा फरक पडतो. तुमच्या जुन्या सोसायटीचं ऑफिस किंवा सेल्स ऑफिसमागची खोली असेल तर विचारून बघा, आम्ही काही ठिकाणी असंच सुरू केलंय.

आणि सूचनांचे बोर्ड. साइटवर बंगाली, कानडी, छत्तीसगडी बोलणारी माणसं आणि बोर्ड सगळे इंग्रजीत. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला (काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या सूचनांना) रांगेत उभं करून फोटो काढतात. त्यातल्याच एका जुन्या मिस्त्रीला त्याच्या भाषेत पाच मिनिटं बोलू द्या, आज कुठे भोक उघडं आहे एवढंच सांगू द्या.

सह्यवेडा

हे वाचून आज आमच्या गल्लीतल्या साइटवर जाऊन बघितलं. सामान चढवायच्या लिफ्टमधून माणसं येजा करत होती. ठाण्याला बाळकुमला 2023 च्या सप्टेंबरमध्ये लिफ्ट कोसळून सात कामगार गेले होते ते आठवलं. वॉचमनला विचारलं तर म्हणे जिना बाराव्यापर्यंत चढायला कोण वेळ देणार. माणसं चढवायची लिफ्ट, म्हणजे प्रवासी हॉइस्ट, वेगळा असतो का हो?

आरसीसीवाला

असतो. माणसांच्या हॉइस्टला बंद पिंजरा, दोन्हीकडे लॉक होणारी दारं, आणि वेग वाढला की आपोआप पकडणारा ब्रेक असतो. नुसत्या दोरावरच्या माल चढवायच्या लिफ्टला असं काही असेलच असं नाही, दोर तुटला की संपलं. हॉइस्ट असला तरी त्यावर किती माणसं हे लिहिलेलं पाहिजे, तपासणीची तारीख पाहिजे आणि चालवणारा ठरलेला पाहिजे. तुम्ही तपासणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून विचारा, रहिवासी म्हणून विचारायला काही हरकत नाही.

कृष्णाकाठचा

सगळा धागा दोनदा वाचला. कोटेशनचं माझं म्हणणं मी सोडत नाही, मालकांनी सुरक्षेची ओळ अंदाजपत्रकात वेगळी धरली पाहिजे, तीवर घासाघीस नको, नाहीतर नीट काम करणारा मागेच राहणार. मी माझ्या पुढच्या कोटेशनमध्ये परांची आणि कठड्याचा खर्च वेगळा दाखवणार आहे, बघू कोण काय म्हणतंय.

निलंग्याचा भाऊ, फुटाच्या रेटचं तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे पण फुटावरच आहे. परांची बांधायची हजेरी वेगळी देऊन बघतो.

आरसीसीवाला साहेब, एक विचारायचंय. माझं चालू काम तळमजला अधिक दोन आहे, पुढच्या आठवड्यात गच्चीचा स्लॅब. बाहेरचं प्लास्टर करताना हूक अडकवायला नक्की काय करून ठेवू? पॅरापेटला (गच्चीच्या कडेच्या भिंतीला) दोर बांधला तर चालेल का?

आरसीसीवाला

पॅरापेटला अजिबात नको, विटेची भिंत झटक्याने बाहेर येते आणि माणसाच्या अंगावरच पडते. पाण्याच्या पाइपला नको, कॉलमच्या उघड्या सळयांना नको, परांचीला तर नाहीच.

स्लॅब भरायच्या आधीच करायचं असेल तर गच्चीच्या बीममध्ये, कॉलमच्या जवळ, साध्या मृदू पोलादाची यू आकाराची सळई आत खोलवर गुंतवून फक्त कडी वर राहील अशी ठेवा. टीएमटी, म्हणजे स्लॅबची नेहमीची पीळदार सळई, वाकवून करू नका, ती वाकवलेल्या जागी झटक्यात तुटू शकते. जाडी आणि किती आत घ्यायची ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, टन-सव्वा टन तरी धरूनच चालायचं. तेवढं जमत नसेल तर पूर्ण झालेल्या कॉलमला वायर रोपचा फास, कोपऱ्याला गोणपाट घालून, डी शॅकलने (पिन असलेल्या लोखंडी कडीने) बंद. तिथून प्रत्येक माणसाला स्वतंत्र उभी लाइफलाइन, एका दोरावर दोघं नकोत, आणि दोरावर आपोआप पकडणारा रोप ग्रॅब. दोर कठड्याच्या धारेवर घासत असेल तिथे जुना पाइप चिरून घाला. पहिल्या मजल्याच्या उंचीला मात्र वर म्हटलं तसं, कठड्याची परांचीच.

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी कड्यांचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.